वजन, वेग आणि वॅट : लॅपटॉपबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी लॅपटॉपबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: प्रोसेसर जोरकस हवा, खांद्याला ओझं नको आणि चार्जर घरी ठेवता आला पाहिजे. तिन्ही एकदम मिळणं कठीण, पण कशाच्या बदल्यात काय सुटतं हे हिशेबाने कळतं. त्यासाठी सगळीकडे एकच माप वापरलं आहे: वॅट. बॅटरीत किती वॅट-अवर (एक वॅट तासभर पुरेल एवढी वीज) आहेत आणि तुमचं काम किती वॅट खातं, एवढा भागाकार आला की दुकानातल्या गप्पा निम्म्या होतात.

मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दुकानदाराने जवळपास एकाच किमतीचे दोन लॅपटॉप दाखवले. एकात कोअर आय५-१३३५यू, वजन १.४ किलो, बॅटरी ५४ वॅट-अवर. दुसऱ्यात कोअर आय५-१३४२०एच, वजन १.७ किलो, बॅटरी ४२ वॅट-अवर. दुकानदार म्हणतो, 'एच' ताकदवान आहे, तोच घ्या. ओळखीचे म्हणतात, 'एच'ची बॅटरी टिकत नाही. कोणाचं ऐकायचं? – एक पालक, सातारा

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. दोन्ही चिप एकाच पिढीतल्या. टर्बोचा (थोड्या वेळापुरता वाढवलेला) कमाल वेग दोन्हींचा ४.६ गिगाहर्ट्‌झ, थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामं) दोन्हींना १२. 'यू'मध्ये कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दहा आहेत, पण त्यातले मोठे दोनच, बाकी आठ छोटे. 'एच'मध्ये कोर आठ, पण चार मोठे आणि चार छोटे. दुसरा फरक सततच्या कामासाठी इंटेलने धरलेल्या मूळ वीजमर्यादेचा: 'यू'ला १५ वॅट, 'एच'ला ४५ वॅट.

याचा रोजच्या वापरात अर्थ असा. फाइल उघडणं, वेबपान लोड होणं, शंभर ओळींचा प्रोग्राम चालवणं ही कामं एक-दोन मोठे कोर सेकंदभर पूर्ण वेगाने पळाले की होतात. इथे दोन्ही लॅपटॉप समोरासमोर ठेवले तरी फरक जाणवणार नाही. मोठा प्रोजेक्ट बिल्ड करणं, व्हिडिओ एक्स्पोर्ट करणं अशा कामात सगळे कोर मिनिटंच्या मिनिटं राबतात, आणि तिथे 'एच' स्पष्टपणे पुढे जातो. तेही लॅपटॉपचा पंखा आणि तांब्याच्या नळ्या तेवढी उष्णता बाहेर टाकू शकत असतील तरच. पातळ खोक्यात बसवलेला 'एच' थोड्याच वेळात २५-३० वॅटवर येतो.

आता बॅटरी. ४५ वॅटचा प्रोसेसर सतत ४५ वॅट खातो असा समज फार पसरला आहे. नुसतं वाचन-लेखन चालू असताना दोन्ही चिप एक-दोन वॅटवर पडून असतात, आणि स्क्रीन, वायफाय, एसएसडी धरून अख्खा लॅपटॉप साधारण ६ वॅट घेतो. ५४ भागिले ६ म्हणजे ९ तास. ४२ भागिले ६ म्हणजे ७ तास. इथे दोन तासांचा जो फरक पडला तो बॅटरी छोटी असल्यामुळे पडला. चिपच्या नावातल्या अक्षराचा त्यात फारसा वाटा नाही. 'एच'ची बॅटरी टिकत नाही ही ओरड बऱ्याच अंशी यातून आली आहे: कंपन्या 'एच' चिप स्वस्त मॉडेलमध्ये घालतात आणि बॅटरीत हात आखडता घेतात.

पूर्ण भार आला की चित्र बदलतं. 'एच' ४५ वॅट आणि बाकीचा लॅपटॉप ८ वॅट धरला, तर ४२ वॅट-अवरची बॅटरी पाऊण तासात संपते. 'यू' १५ वॅट आणि बाकी ६ धरले, तर ५४ वॅट-अवर अडीच तास पुरतात. 'एच'वर तेच काम लवकर उरकतं हे खरं, पण तिप्पट वीज घेऊन काम तिप्पट वेगाने होत नाही. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. वेग २० टक्के वाढवायला व्होल्टेजही २० टक्के वाढवावं लागलं, तर १.२ गुणिले १.४४, म्हणजे वीज पावणेदोन पटीच्या आसपास जाते. टर्बोचा शेवटचा टप्पा असा महाग पडतो. बॅटरीवर असताना विंडोज आणि लॅपटॉप कंपन्या वेग आपणहून उतरवतात, त्याचं कारणही हेच.

रोज बसने ये-जा असेल आणि वर्गात प्लग मिळण्याची खात्री नसेल, तर आमचं मत 'यू'च्या बाजूने. अट एकच: रॅम १६ जीबी हवी. अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर (लॅपटॉपवर नकली फोन चालवणारं सॉफ्टवेअर) ८ जीबीत श्वास घेऊ शकत नाहीत, मग प्रोसेसर कुठलाही असो. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की स्लॉट मोकळा आहे, हे खोक्यावरच्या मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर बघून घ्या. मुलगी वसतिगृहात राहणार असेल आणि लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावरच असणार असेल, तर 'एच' घ्यायला हरकत नाही. मात्र तेच मॉडेल मोठ्या बॅटरीत मिळतं का ते विचारा. एकाच नावाखाली दोन आकारांच्या बॅटऱ्या विकण्याची पद्धत सर्रास आहे आणि दुकानात सहसा छोटीच समोर येते.

कंपनीचा दावा १८ तासांचा. मला सात तासही मिळत नाहीत. लॅपटॉप दोन वर्षं जुना, बॅटरी ७० वॅट-अवर. काम म्हणजे एक्सेल, ब्राउझर, दिवसाला दोन-तीन व्हिडिओ मीटिंग. रोज लोकलने जातो, त्यामुळे चार्जर न्यायचा नाही. बॅटरी खराब झाली का? – अकाउंट्समधील नोकरदार, डोंबिवली

आधी दाव्याचाच भागाकार करा. ७० भागिले १८ म्हणजे ३.९ वॅट. म्हणजे अख्खा लॅपटॉप, स्क्रीनसकट, सरासरी चार वॅटखाली चालत होता. असं कधी घडतं? डिस्कवर उतरवलेला व्हिडिओ लावायचा, स्क्रीन सुमारे १५० निटवर (निट हे उजेडाचं माप) ठेवायची, वायफाय बंद किंवा नुसतं जोडलेलं, मागे दुसरं काही चालू नाही. व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा छोटा भाग असतो, त्यामुळे मुख्य कोर जवळजवळ झोपलेले असतात. व्हिडिओ बघणं हे लॅपटॉपसाठी फार हलकं काम आहे, म्हणून जाहिरातीत तोच आकडा येतो. अॅपलने १३ इंची एम३ मॅकबुक एअरसाठी दोन आकडे दिले होते: चित्रपटाला १८ तास, वायफायवर वेब वापराला १५ तास. मशीन तेच, ५२.६ वॅट-अवरची बॅटरीही तीच. दोन्ही आकडे छापले असतील तर नेहमी लहान आकडा धरावा.

तुमचे सात तास म्हणजे सरासरी १० वॅट, तेही बॅटरी नवी आहे असं धरून. तेव्हा पहिलं काम बॅटरीची तब्येत बघण्याचं. विंडोजचं बटण दाबून 'सीएमडी' लिहा, एंटर करा. काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी हा शब्द (इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी), एक जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून एकत्र लिहिलेलं बॅटरीरिपोर्ट, एवढं टाइप करा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली हे तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची, 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. आकडे मिलिवॅट-अवरमध्ये असतात: ७०,०००च्या जागी ५८,००० दिसले तर दोन वर्षांत १७ टक्के गेले, आणि ते स्वाभाविक आहे. ४५,०००च्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा विचार करा.

५८ वॅट-अवर धरले तर तुमचा खर्च सरासरी सव्वाआठ वॅट निघतो. म्हणजे बॅटरी थोडी थकली आहे आणि दावा थोडा फुगवलेला होता. तुमच्या मशिनमध्ये मोठा दोष दिसत नाही. तरीही वीज नेमकी कुठे जाते ते बघता येतं. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उतरवा, 'सेन्सर्स ओन्ली' निवडा, चार्जर काढा आणि खाली बॅटरीच्या विभागात 'चार्ज रेट' ही ओळ बघा. आकडा उणे असतो, म्हणजे वीज बाहेर जाते आहे. आता एकेक गोष्ट बदलायची आणि दर वेळी दोन मिनिटं थांबायचं, कारण आकडा लगेच स्थिर होत नाही.

ब्राइटनेस पूर्ण ठेवून आकडा टिपा, मग निम्म्यावर आणा. १४ इंची साध्या स्क्रीनवर दीड ते तीन वॅट वाचतात. स्क्रीन १२० हर्ट्‌झची असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले या वाटेने ६०वर आणा. मग सगळे टॅब बंद करून एकेक उघडा. एखादाच टॅब, बहुधा हलत्या जाहिरातींचा किंवा सतत ताजे होणारे बाजारभाव दाखवणारा, एकटा दोन-तीन वॅट ओढताना सापडतो. शेवटी व्हिडिओ मीटिंग सुरू करा. कॅमेरा, चित्र पाठवणं, चित्र घेणं आणि पार्श्वभूमी धूसर करणं मिळून आकडा १२ ते १५पर्यंत चढतो. दिवसात तीन तास मीटिंग असेल, तर बॅटरीचा मोठा वाटा तीच खाते. पार्श्वभूमीचा इफेक्ट बंद केला आणि गॅलरीऐवजी एकाच वक्त्याचं दृश्य ठेवलं तर फरक डोळ्यांना दिसतो.

ओएलइडी स्क्रीन असेल तर आणखी एक. ती काळ्या भागात वीज घेत नाही, पांढऱ्या भागात भरपूर घेते. दिवसभर एक्सेलची पांढरी शीट उघडी असणाऱ्याला ओएलइडी बॅटरीच्या दृष्टीने तोट्याची. पुढचा लॅपटॉप घेताना साधी फुल एचडी आयपीएस स्क्रीन निवडा.

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑटोकॅड, स्केचअप, पुढे लुमिऑनसारखं रेंडरिंग. सगळे सांगतात गेमिंग लॅपटॉप घे, पण तो अडीच किलोचा आहे आणि कॉलेजला ड्रॉइंग शीट, मॉडेल नेताना आधीच हात भरलेले असतात. – विद्यार्थिनी, कोल्हापूर

ऑटोकॅडचं ड्राफ्टिंग आणि स्केचअपमधलं मॉडेलिंग बहुतांशी एकाच कोरवर चालतं. तिथे कोरची संख्या उपयोगाची नाही. एका कोरचा वेग आणि पुरेशी रॅम लागते. ही दोन कामं दीड किलोचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप नीट करतो. रेंडरिंगचं गणित मात्र वेगळं. लुमिऑन, एन्स्केप, ट्विनमोशन ही सॉफ्टवेअर्स ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर चालतात, तिथे पर्याय नाही.

कार्ड घ्यायचंच तर नावावर जाऊ नका, वॅट विचारा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०५० कार्डाचं एकच नाव लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत येतं. ३५ वॅटचं कार्ड पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये बसतं आणि ११५ वॅटच्या कार्डापेक्षा बरंच हळू चालतं. कंपनीच्या साइटवर सविस्तर माहितीत 'टीजीपी' किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' या नावाने आकडा असतो. तो लिहिलेलाच नसेल तर कमी आहे असं समजा. तुम्हाला ६० ते ८० वॅटचं कार्ड, १.८ ते २ किलोचा लॅपटॉप हा मधला मार्ग योग्य वाटतो.

वजन मोजताना चार्जर धरायला विसरू नका. २०० वॅटच्या पुढचे चार्जर विटेएवढे असतात आणि अर्धा किलोच्या वर भरतात. यावर उपाय आहे: लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून पॉवर डिलिव्हरी चार्जिंग होतं का ते बघून घ्या. होत असेल तर मोठा चार्जर खोलीवर राहील आणि पिशवीत हातात मावणारा ६५ वॅटचा चार्जर जाईल. त्यावर ड्राफ्टिंग करता येतं, बॅटरीही भरते. रेंडर मात्र त्यावर लावू नका. कार्डाला वीज कमी पडते, वेग कोसळतो, आणि काही मशिन चार्जर लावलेला असतानाही बॅटरी खाली आणतात. निव्वळ बॅटरीवर रेंडर करणं तर पूर्णच टाळा.

घेतल्यावर एक गोष्ट तपासा, कारण असे अनेक लॅपटॉप विनाकारण तीन तासांत संपतात. साधं काम चालू असताना कार्ड पूर्ण झोपलेलं असलं पाहिजे. ते नुसतं जागं राहिलं तरी काही न करता अनेक वॅट जातात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या 'डेस्कटॉप' मेनूतून खाली घड्याळाशेजारी जीपीयूचं छोटं चिन्ह सुरू करा. त्यावर क्लिक केलं की कार्ड कोणत्या प्रोग्रामने जागं ठेवलंय त्याची नावं दिसतात. बहुधा ब्राउझर, वॉलपेपर बदलणारं अॅप किंवा लॅपटॉप कंपनीचंच दिव्यांचं सॉफ्टवेअर निघतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे त्या प्रोग्रामला 'पॉवर सेव्हिंग' लावा.

बाहेरचा मॉनिटर जोडला की हे सगळं पुन्हा बिघडू शकतं. बऱ्याच लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट थेट ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं असतं, त्यामुळे मॉनिटर लावला की कार्ड झोपूच शकत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये 'कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स' या पानावर कुठलं पोर्ट कोणाला जोडलंय त्याचं चित्र असतं. टाइप-सी प्रोसेसरच्या ग्राफिक्सला जोडलेलं दिसलं तर मॉनिटर तिथून लावा.

स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप हलके आहेत आणि बॅटरी खूप टिकते म्हणतात. मी सरकारी कामांच्या निविदा भरतो, डिजिटल सहीचं टोकन लागतं. घेऊ का? – कंत्राटदार, नाशिक

टोकन चालण्याची लेखी खात्री मिळेपर्यंत घेऊ नका. स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेचे लॅपटॉप जून २०२४पासून बाजारात आले. बॅटरी खरोखर टिकते, आणि चार्जर काढल्यावरही वेग फारसा उतरत नाही. पण त्यांचा प्रोसेसर मोबाइलसारखा आर्म जातीचा आहे. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले साधे प्रोग्राम विंडोज भाषांतर करून चालवतं. ड्रायव्हरचं मात्र असं भाषांतर होत नाही. तो आर्मसाठीच तयार केलेला लागतो. सहीचं टोकन, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, जुना स्कॅनर, लेबल प्रिंटर, सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक, काही ऑफिसांचे व्हीपीएन हे सगळे ड्रायव्हरवर अवलंबून असतात. टोकनच्या विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: विंडोज ११ आर्म६४साठी तुमचा ड्रायव्हर आहे का?

नसेल तर तेवढीच टिकाऊ बॅटरी देणारा इंटेलचा पर्याय आहे: २०२४च्या सप्टेंबरमध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका, तीही नावाच्या शेवटी 'व्ही' असलेलीच. बहुतेकींची मूळ मर्यादा १७ वॅट, आठ कोर, आणि जुनं सगळं टोकन-प्रिंटर चालतं. सगळे कोर राबवणाऱ्या कामात ती मोठ्या 'एच' चिपच्या मागे पडते, पण निविदा भरणाऱ्याला त्याने काही अडणार नाही. हिची रॅम प्रोसेसरच्या पाकिटातच बसवलेली असते, नंतर एक जीबीही वाढवता येत नाही. नंबरवरून ती ओळखता येते: २२६व्ही, २५६व्ही असा शेवटचा अंक ६ असेल तर १६ जीबी, २२८व्ही, २५८व्ही असा ८ असेल तर ३२ जीबी.

रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू. नंबरात दहाचाच फरक, किंमतीत मात्र बराच. इतका फरक कशाचा? – बारामती

फरक मोठा आहे. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतल्या प्रोसेसरच्या नावात पहिला आकडा फक्त सालाचा. खरी पिढी तिसऱ्या आकड्यात असते. ७५२०मधला २ म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या कोर-रचनेचं नाव), मूळ २०१९ची रचना, आणि या चिपमध्ये कोर चारच. ७५३०मधला ३ म्हणजे झेन ३, सहा कोर. ७८४०सारख्या नावात ४ दिसला तर झेन ४. ७५२०यू वीज कमी घेते, टायपिंग-ब्राउझिंगला चालते, पण पाच वर्षं वापरायचा लॅपटॉप असेल तर ७५३०यूसाठी जास्तीचे पैसे द्या.

उन्हाळ्यात लॅपटॉप दहा मिनिटांत मंद होतो, पंखा ओरडत राहतो. हिवाळ्यात हाच लॅपटॉप छान चालतो. शिवाय पिशवीत बंद करून ठेवला तरी काढताना गरम असतो आणि बॅटरी उतरलेली. – शिक्षक, चंद्रपूर

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

पहिलीचं मूळ हवेत आहे. इंटेलच्या बहुतेक चिप १०० अंशांना पोचल्या की स्वतःच वेग उतरवतात. उष्णता किती बाहेर पडेल हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. २५ अंशांच्या खोलीत फरक ७५ अंशांचा, ४५ अंशांत फक्त ५५चा. म्हणजे जो पंखा जानेवारीत ३० वॅट उष्णता फेकत होता, तोच मे महिन्यात २२ वॅटच फेकू शकतो. लॅपटॉप बिघडलेला नाही, पण त्याचा प्रोसेसर त्या दिवशी एक पायरी खालचा झाला आहे. चंद्रपूर-नागपूरच्या वाचकांनी लॅपटॉप घेताना हे ध्यानात ठेवावं: पातळ लॅपटॉपमधली मोठी चिप तिथे एप्रिल ते जून पूर्ण चालणारच नाही. तिच्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आहे त्या लॅपटॉपसाठी: मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा, खालच्या जाळीला हवा मिळू द्या. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवून वापरू नका. दोन वर्षं उघडला नसेल तर पंख्यामागच्या पत्र्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर साचलेला असतो. तो बाहेरून फुंकून निघत नाही, मागचं झाकण काढूनच साफ करावा लागतो. त्याच वेळी थर्मल पेस्टही बदलून घ्या. मग टर्बोला लगाम घाला. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट इथे १००चं ९९ करा. एवढ्या एका टक्क्याने बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो, पंखा शांत होतो आणि वेग वर-खाली हेलकावे खायचा थांबतो. ही ओळ काही नव्या लॅपटॉपवर दिसत नाही. तिथे कंपनीच्या अॅपमधला 'क्वाएट' किंवा 'सायलेंट' मोड वापरा.

दुसऱ्या तक्रारीचं कारण झोपेची नवी पद्धत. नवे लॅपटॉप झाकण मिटल्यावर पूर्ण झोपत नाहीत. मोबाइलसारखे अधूनमधून जागे होऊन मेल आणि अपडेट बघतात. पिशवीत हवा नाही, तेव्हा एखादं अपडेट अडकलं की लॅपटॉप आतल्या आत भाजतो. पॉवर ऑप्शन्समध्ये डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' आहे, तिथे 'हायबरनेट' निवडा. यादीत तो पर्याय नसेल तर काळ्या खिडकीत, ती 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडून, पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून हायबरनेट, जागा सोडून ऑन, असं टाइप करा. झाकण उघडल्यावर दहा-वीस सेकंद जास्त लागतील. त्या बदल्यात बॅटरी जागच्या जागी राहील.

उष्णता आणि पूर्ण चार्ज हे दोन्ही एकत्र आले की बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगला असेल तर चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा: लेनोव्होमध्ये व्हँटेज अॅपमधला 'कन्झर्व्हेशन मोड', एससमध्ये मायएससमधलं 'बॅटरी केअर', काही कंपन्यांमध्ये ही सोय बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) असते. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका. आणि टचपॅड वर उचललेला वाटला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं, तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलून मगच वापरा. फुगलेली बॅटरी दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न कोणी करू नये.

फक्त लेखन, मेल, चाळीस टॅब. सर्वांत हलकं काय? – पत्रकार, पुणे

१३ इंची मॅकबुक एअर: एम२पासून वजन साधारण १.२४ किलो, पंखा नाही, चार्जर काढल्यावर वेग तोच. ८ जीबीचा जुना साठा स्वस्तात दिसेल, चाळीस टॅबसाठी तो घेऊ नका. १६ जीबीचाच घ्या. पंखा नसल्याने लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्टला तो काही मिनिटांनी मंदावतो, तुमच्या कामात ती वेळ येणार नाही. मात्र ऑफिसचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर किंवा पानं लावायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर आधी ते तपासा.

पावसात वीज चार-चार तास जाते. २०,००० एमएएचची पॉवर बँक लॅपटॉपला चालेल का? फोन चार वेळा भरतो म्हणतात. – रत्नागिरी

चालेल, पण एमएएच विसरा. आतले सेल ३.७ व्होल्टचे असतात: २० अँपिअर-अवर गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॅट-अवर. व्होल्टेज वर चढवताना आणि लॅपटॉपची बॅटरी भरताना काही वाया जातात, हाती साधारण ६० लागतात. तुमचा लॅपटॉप ८ वॅटवर चालत असेल तर सात तासांची भर पडते. पॉवर बँकेवर 'पीडी' (पॉवर डिलिव्हरी) आणि २० व्होल्टला ४५ किंवा ६५ वॅट असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसत्या २२.५ वॅटच्या फोनच्या पॉवर बँकेवर लॅपटॉप एकतर चार्जिंग नाकारतो किंवा मुंगीच्या पावलाने भरतो. ६५ वॅटसाठी केबलही ६० वॅटच्या वरची लागते. लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होतो ना, हे कंपनीच्या माहितीत वाचा; पोर्टचा आकार टाइप-सी असला म्हणजे चार्जिंग होतंच असं नाही.

भरताना लॅपटॉप बंद किंवा हायबरनेट ठेवायची गरज नाही, पण वीज गेल्या गेल्या पॉवर बँक लावण्यापेक्षा लॅपटॉपची स्वतःची बॅटरी २०-३० टक्क्यांवर आली की लावा. भरलेल्या बॅटरीवर लावलेली पॉवर बँक कमी भारावर चालते आणि काही पॉवर बँका भार फार कमी झाला की आपोआप बंद होतात. विमानाने जाताना पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते, आणि विमान कंपनीच्या परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपर्यंतच नेता येते. मोठ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९ वॅट-अवरवर थांबलेली दिसते ती याच मर्यादेमुळे.